‘मारीच देश’ स्वतंत्र झाला

रामाच्या बाणासरशी मारीच राक्षस दूर समुद्रात फेकला गेला आणि जिथे पडला तिथे एक बेट झाले! मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या लोकांत ही लोककथा सांगितली जाते. तिथे गेलेले मजूर या बेटाला ‘मारीच देश’ म्हणत.

या बेटाला मूळ रहिवासी असे नव्हतेच. अरब खलाशांना ते ठाऊक होते, पण तिथे राहिले कोणी नाही. १५९८ मध्ये आलेल्या डचांनी राजपुत्र मॉरिसचे नाव त्याला दिले. शंभरेक वर्षांत तिथला डोडो पक्षी नामशेष झाला आणि १७१० मध्ये डचही निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी आफ्रिका व मादागास्करमधून गुलाम आणून उसाचे मळे वाढवले.

बंगळूरमधील टिपूचा लाकडी महाल पाहणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण टिपूच्या शेवटच्या लढाईशीही या बेटाचा संबंध आहे. इंग्रजांविरुद्ध मदत मागण्यासाठी त्याने आपले वकील तिथे पाठवले. फ्रेंच गव्हर्नर मालार्तिकने जानेवारी १७९८ मध्ये चक्क जाहीरनामाच काढला आणि गुपित फुटले! मंगळूरला उतरले जेमतेम शंभर स्वयंसेवक. वेलस्लीला मात्र युद्धासाठी निमित्त मिळाले. १७९९ मध्ये टिपू पडला आणि १८१० मध्ये ते बेटही इंग्रजांनी घेतले.

१८३५ मध्ये गुलामगिरी संपली. मग मळ्यांत राबायचे कोणी? त्यासाठी भारतातून करारावर मजूर नेण्यात आले. पुढल्या काळात सुमारे साडेचार लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी कुटुंबेही होती. त्यांनी आपला गणपती तिकडेही जपला. आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते.

या मजुरांना बळ दिले ते अक्षरओळखीने. दिवसभर ऊस तोडून थकलेली माणसे संध्याकाळी गावातल्या ‘बैठके’त जमत आणि मातृभाषा शिकत. १९४८ च्या निवडणुकीत बेटावरील भाषांत साधे लिहिता-वाचता येणाऱ्यांनाही मत देता येऊ लागले. बासदेव विष्णुदयाळ यांच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी लोकांना अक्षरे गिरवायला शिकवले. मळेवाल्यांच्या हातातली सत्ता इथूनच निसटू लागली.

तरीही स्वातंत्र्य सहजासहजी मिळाले नाही. १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली. १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या बाजूचे पक्ष जिंकले, पण सुमारे ४४ टक्के मते विरोधकांना गेली. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होणार, ही भीती इतरांना वाटत होती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत दंगली उसळल्या.

अशा वातावरणात १२ मार्च १९६८ रोजी शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाखाली मॉरिशस स्वतंत्र झाला. १९३० मध्ये गांधीजींची दांडीयात्रा निघाली, तीच ही तारीख. करारावर अंगठा उठवून गेलेल्या मजुरांच्या नातवंडांनी मतपत्रिकेच्या बळावर ‘मारीच देश’ आपला केला.