आपल्याबद्दल कोण लिहितो? नायजेरियातील तीन अभ्यासकांचे काम

नायजेरिया म्हटले की आपल्याला तेल, फुटबॉल किंवा हिंसाचाराच्या बातम्या आठवतात. तिथले संशोधक आपल्या वाचनात क्वचितच येतात. ज्या समाजाबद्दल कायम दुसऱ्यांनीच लिहिले, त्या समाजातील माणसे स्वतः संशोधन करू लागली की काय बदलते, हे समजून घेण्यासाठी आम्ही येथे तिघांची ओळख करून देत आहोत.

पहिले, इतिहासकार केनेथ डिके. आफ्रिकेला स्वतःचा इतिहासच नाही, असे युरोपातील अनेक विद्वान मानत. डिके यांनी नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील व्यापार आणि राजकारणावर १९५६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ब्रिटिश कागदपत्रांसोबत स्थानिक मौखिक परंपराही पुरावा म्हणून वापरल्या. नायजेरियाचे राष्ट्रीय अभिलेखागार उभारण्यातही त्यांचाच पुढाकार होता.

दुसरे, मनोविकारतज्ज्ञ अदेओये लाम्बो. १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जे. सी. कॅरोथर्स या वसाहतकालीन डॉक्टरांचा अहवाल छापला. त्यात आफ्रिकी माणसाच्या मनाची तुलना मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या युरोपीय रुग्णाशी केली होती. लाम्बो यांनी याला कामातून उत्तर दिले. १९५४ पासून अबेओकुटाजवळच्या आरो येथे त्यांनी रुग्णांना कोंडून न ठेवता, नातेवाइकांसह आसपासच्या गावांत ठेवून उपचार सुरू केले. पारंपरिक वैदूंचीही मदत घेतली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठासोबत त्यांनी योरुबा लोकांच्या मानसिक आजारांचा पद्धतशीर अभ्यास केला. तो १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे हेच लाम्बो जागतिक आरोग्य संघटनेचे उपमहासंचालक झाले.

तिसऱ्या, समाजशास्त्रज्ञ ओयेरोंके ओयेवुमी. १९९७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडले की वसाहतपूर्व योरुबा समाजात स्त्री-पुरुष भेदापेक्षा वयाची ज्येष्ठता महत्त्वाची होती. योरुबा भाषेत भाऊ आणि बहीण यांसाठी वेगळे शब्द नाहीत. थोरले भावंड आणि धाकटे भावंड यांसाठी आहेत. त्यांचे मत सर्वांना पटले नाही. नायजेरियातील अभ्यासकांनीही त्याची कठोर चिकित्सा केली. आम्हाला हेही तितकेच महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या माणसाने लिहिले म्हणून ते तपासायचे नाही, असे ज्ञानात चालत नाही.

या तिघांनीही परदेशी विद्यापीठांत शिक्षण घेतले. तिथली पद्धत आत्मसात केली, पण प्रश्न मात्र आपल्या समाजातून उचलले. वस्तीत, गावात काम करणाऱ्या तरुणांनी यातून एवढे नक्की घ्यावे: वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवा, जुनी कागदपत्रे जपा आणि जे लिहाल त्याला पुरावा द्या. आपण लिहिले नाही, तर आपल्याबद्दल दुसरा कोणीतरी लिहीलच.