निविदा उघडल्यानंतर

सरकारी बांधकामाची निविदा उघडली, की काम कोणाला मिळाले याची चर्चा सुरू होते. मिळवणाऱ्याला पैसे कधी मिळणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

आपल्याकडची रूढ पद्धत तशी सोपी आहे. लिफाफे दोन. पहिल्यात कंत्राटदाराचा अनुभव, यंत्रसामग्री, आर्थिक कुवत यांचे कागद, दुसऱ्यात दर. पहिल्यात जे पात्र ठरतील, त्यांच्यातला सर्वांत कमी दराचा माणूस काम घेऊन जातो. यात वशिल्याला वाव कमी आणि लेखापरीक्षकाला उत्तर देणेही सोपे. म्हणून अधिकारी ही पद्धत सोडत नाहीत. त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

पण अंदाजपत्रकापेक्षा पंचवीस टक्के कमी दराने शाळा बांधतो म्हणणारा ती तूट कुठून भरून काढणार? मग स्लॅबवर पाणी मारण्याचे दिवस घटतात, सिमेंटचे प्रमाण उतरते, नाहीतर काम जोत्यापर्यंत येऊन थांबते.

चांगला कंत्राटदार दर चढा लावतो. त्यामागे केवळ नफ्याची हाव नसते. मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, अभियंत्याची तपासणी होते, आणि तरी निधी नाही म्हणून बिल महिनोन्‌महिने पडून राहते. मजुरांचा आठवड्याचा पगार काही थांबत नाही. तो व्याजाने पैसे काढून भागवायचा आणि ते व्याज पुढच्या निविदेच्या दरात धरायचे, असा हा हिशेब आहे. उधारी सरकारची, व्याज करदात्याचे! थकलेल्या बिलांसाठी महाराष्ट्रातल्या कंत्राटदारांनी २०२५ मध्ये आंदोलनही केले.

केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये यावर सूचना काढल्या. निवडक कामांत दराबरोबर गुणवत्तेलाही तीस टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा त्यांत आहे. तिची चर्चा अधिक झाली. मला दुसरी सूचना अधिक मोलाची वाटते. चालू बिलाच्या देय रकमेपैकी किमान ७५ टक्के रक्कम कामकाजाच्या दहा दिवसांत द्यायची आणि उरलेली तपासणी पूर्ण करून कामकाजाच्या २८ दिवसांत. पैसे वेळेवर येणार याची खात्री असेल, तर भरवशाचे कंत्राटदार निविदा भरायला पुढे येतात आणि दरही वाजवी लावतात.

अर्थात या सूचना केंद्राच्या खात्यांसाठी आहेत. गावातली शाळाखोली किंवा रस्ता बहुधा जिल्हा परिषदेकडे असतो. तिथे दहा दिवसांची ही मुदत आपोआप लागू होत नाही.