भिलाईकरांचा समुद्र

भिलाईतल्या मराठी घरांत समुद्राचा विषय निघाला की गणपतीपुळे, मालवण ही नावं उशिरा येतात. आधी येतं विशाखापट्टणम. कोकणातल्या पाहुण्यांना हे काही पटत नाही. समुद्रावर जायचं आणि सूर्यास्त बघायचा नाही, म्हणजे काय? पण नागपूर, वर्धा, अमरावतीकडून पोलाद प्लांटच्या नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांनी समुद्र पाहिला तो सूर्योदयाच्या बाजूचाच.

याला कारण रेल्वे. बंगाल नागपूर रेल्वेचा रायपूर–विजयनगरम मार्ग 1931 मध्ये पुरा झाला आणि 1933 मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं. मध्य प्रांतातलं मँगनीज समुद्रापर्यंत न्यायचं, हा त्यामागचा मोठा हेतू. पुढे 1955 मध्ये या प्लांटसाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं आणि भिलाई देशाच्या नकाशावर आलं. या भट्ट्यांना लागणारा परदेशी कोकिंग कोळसा विशाखापट्टणमला उतरतो. ज्या बाजूने कोळसा येतो, त्याच बाजूला आम्ही सुटीत जायचो.

तोवर पाण्याची हौस गावातच भागवायची. मरोद्याजवळची मैत्री बाग 1972 ची, भारत–सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून प्लांटने उभी केलेली. तिथला तलाव, बोटी, छोटी रेल्वे आणि पुढे नंदनकाननहून आलेले पांढरे वाघ, यांवर आमचे कित्येक रविवार निघाले. खरा समुद्र मात्र एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवास सवलत, मंजूर झाल्यावर. सेक्टरमधली दोन-तीन कुटुंबं मिळून निघत. होल्डॉल, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. टिटलागड, रायगडा मागे पडलं की डोंगर लागत आणि मुलं खिडकीला चिकटत.

त्या काळातला विशाखापट्टणमचा आर. के. बीच म्हणजे वाळू, लाटा आणि मुरी मिक्स्चरच्या गाड्या, एवढंच आठवतं. रामकृष्ण मिशनच्या आश्रमावरून पडलेलं हे नाव, पण आर. के. म्हणजे काय हे आम्ही कुणाला विचारलंही नाही. पाण्यात घोट्यापलीकडे जायला मनाई असे, आणि ती योग्यच होती. इथली लाट पायाखालची वाळू ओढून नेते. पोहायला उतरलेले बुडाल्याच्या बातम्या आजही येतात. म्हणूनच किनाऱ्यावर झालेल्या बागांना नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या समुद्रात उतरायचं नाही, त्याच्यासमोर बसायला सावली आणि बाक हवेतच.

या किनाऱ्यावर सर्वांत मोठा बदल झाला तो 2002 मध्ये. 'आयएनएस कुरसुरा' ही निवृत्त पाणबुडी वाळूवर ओढून आणून तिचं संग्रहालय केलं. ही सोव्हिएत बनावटीची, 1969 मध्ये नौदलात आलेली आणि 2001 मध्ये निवृत्त झालेली. लांबी 91 मीटर, पण आत दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरायचं. माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेले लोक असतात. आमचे बाबा प्लांटच्या रेल मिलमधले. व्हॉल्व्हची चाकं आणि जाडजूड पाइप बघून त्यांनी मार्गदर्शकालाच ऐकवलं, "हे सगळं आमच्या घरचं आहे." बाकीची मंडळी आइस्क्रीमसाठी ताटकळली, हे दोघे मात्र वेल्डिंगवर बोलत उभे. 2017 मध्ये रस्त्याच्या पलीकडे टीयू-142 विमान येऊन बसलं, तेही सोव्हिएतच. भिलाईच्या माणसाला बंगालच्या उपसागराकाठी परकं वाटू नये, अशी ही सोय.

कैलासगिरीची टेकडी आणि वुडा पार्क ही नेहमीचीच ठिकाणं. शिव-पार्वतीच्या भव्य मूर्तींसमोरचा फोटो प्रत्येक घरात सापडेल. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद वादळ थेट या शहरावर आदळलं. त्यानंतर गेलो तेव्हा टेकडीवरची ओळखीची झाडं शोधावी लागली. किनाऱ्यावरच्या तेन्नेटी पार्कची कथा वेगळी. ऑक्टोबर 2020 मध्ये 'मा' नावाचं बांगलादेशी मालवाहू जहाज वादळी वाऱ्याने भरकटून बागेखालच्या खडकांत रुतलं. त्याचं रेस्टॉरंट करण्याची घोषणा झाली, जहाज मात्र पुढेही तिथंच राहिलं आणि बागेची गर्दी वाढली.

ऑक्टोबर 2020 मध्येच ऋषिकोंड्याच्या आणि पुरीच्या किनाऱ्यांना स्वच्छ किनाऱ्यांचा 'ब्लू फ्लॅग' मिळाला. पुरी हा आमच्या आजी-आजोबांचा समुद्र: आधी जगन्नाथ, मग पाणी. ऋषिकोंडा तरुणांचा. स्वच्छतेच्या तक्रारींवरून 2025 मध्ये त्याचा झेंडा काही काळ गेला आणि मग परत मिळाला. मला विचाराल तर तेन्नेटीपासून ऋषिकोंड्यापर्यंतचा रस्ता खुद्द ऋषिकोंड्याहून चांगला.

सप्टेंबर 2024 पासून दुर्गहून वंदे भारत सुटते आणि आठेक तासांत पोचवते. पण ती पोचते भर दुपारी, वाळू तापलेली असताना. रायपूरला जाऊन कोरबा–विशाखापट्टणमची रात्रीची गाडी पकडली तर सकाळी उतरता येतं. पहाटे बीच रोड वाहनांना बंद असतो, सगळा रस्ता चालणाऱ्यांचा. आमच्यातले निवृत्त लोक भर दुपारी पोचण्यापेक्षा रात्रभर गाडीत डुलक्या घेणं पसंत करतात. फक्त सोमवार टाळतात. त्या दिवशी पाणबुडी बंद असते.