ग्रुपवरचा व्हिडिओ खरा की खोटा? पोरांना शिकवायचं कसं?

हुपरी : चांदीच्या कामामुळं हुपरीत बाहेरचा माणूस नवा नाही. व्यापारी येतात, कारागीर येतात, बहुरूपी आणि गोसावी दारात उभे राहतात. अशा गावात 'मुलं पळवणारी टोळी आलीय' हा एक मेसेज काय करू शकतो, ते महाराष्ट्रानं पाहिलंय.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, म्हणजे आपल्याच राज्यातले. मुलं पळवणारे समजून जमावानं त्यांना मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथंच पाचही जणांचा जीव गेला. पुढं २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली. मेसेज पाठवणारा पहिला माणूस कोण, ते गावाला कधी कळतच नाही. तुरुंगात गावातलीच माणसं जातात.

ही गोष्ट लांबची वाटत असेल तर शेजारचा सांगली जिल्हा घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना याच संशयावरून मारहाण झाली. त्यांनी एका पोराला रस्ता विचारला होता, एवढंच.

२०१८ साली देशभर फिरलेला एक व्हिडिओ बऱ्याच जणांना आठवत असेल. मोटरसायकलवरून दोघं येतात आणि गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात. तो मुळात पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेला जागृतीचा व्हिडिओ. शेवटी ती माणसं पोराला परत आणून सोडतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला, आणि झाली टोळी तयार.

घरात मोबाईल सगळ्यात जास्त कळतो तो शाळेतल्या पोरांना. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. केरळच्या कन्नूर जिल्ह्यात लसीबद्दल अफवा पसरल्यावर २०१८ साली सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे तासच सुरू केले होते. आपल्याकडं त्यासाठी वेगळं पुस्तक नको. पावसाळ्यात फिरणारं 'उद्या शाळेला सुट्टी' हे पत्रच फळ्यावर घ्यावं. तारीख कुठली? साल कुठलं? सही कुणाची? जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पानावर ते आहे का? सुट्टीचा विषय म्हटल्यावर पोरं कान देऊन ऐकतात.

पुराचंही तेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुराचे व्हिडिओ दरवर्षी 'आत्ताचे' म्हणून येऊ शकतात. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. राजाराम बंधाऱ्याची आजची पातळी बघितली की व्हिडिओचं वय कळायला लागतं. दुकानाची पाटी कुठल्या भाषेत आहे, गाडीची नंबरप्लेट कुठली, हेही बघायला लावावं. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढायचा आणि गुगल लेन्सला द्यायचा. तो आधी कुठं येऊन गेला असेल तर बऱ्याचदा सापडतो, दरवेळी नाही. व्हॉट्सअॅपवर मेसेजला दोन बाण दिसले तर तो पाच किंवा जास्त वेळा पुढं ढकलला गेलाय. असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो, हा आळा कंपनीनं अफवांमुळंच घातलाय.

अवघड काम पुढंच आहे. ग्रुपवर मेसेज टाकणारा बहुतेक वेळा घरचाच मोठा माणूस असतो, आणि नातवानं चारचौघांत चूक काढली की तो चिडतो. म्हणून ग्रुपवर वाद न घालता जवळ बसून सांगायचं, 'आबा, ह्यो व्हिडिओ हितला न्हाय, हे बघा.' मूळ व्हिडिओ दाखवला की आबा स्वतःच मेसेज काढून टाकतात.

आणि गल्लीत खरंच कुणाचा संशय आला तर? फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, अंगावर हात टाकायचा नाही. ११२ नंबर लावायचा किंवा हुपरी पोलीस ठाण्यात कळवायचं.