मागच्या दाराने अपग्रेड, आणि पुढचे अपडेट

उबंटू एलटीएस वापरणाऱ्या लॅबमध्ये एक प्रश्न दर दोन वर्षांनी हमखास येतो. नवी एलटीएस एप्रिलमध्ये बाहेर पडते, पण जुन्या एलटीएसवरच्या मशीनला ‘अपग्रेड करा’ असा निरोप लगेच येत नाही. पहिला पॉइंट रिलीज आला की मग येतो, म्हणजे साधारण ऑगस्टमध्ये. 24.04 च्या वेळी पॉइंट रिलीज ऑगस्ट 2024 च्या शेवटी आला आणि अपग्रेडरमध्ये गंभीर बग सापडल्याने अपग्रेड काही काळ पुन्हा थांबवावं लागलं. तोवर कुणाला नवा पायथन हवा असतो, कुणाच्या कोडला नवी जीलिबसी लागते. मग कुणीतरी विचारतंच, “आपणच केलं अपग्रेड तर? पुढचे अपडेट बंद होतील का?”

नाही होत. तुमचं मशीन नव्या आवृत्तीवर कुठल्या वाटेने आलं हे उबंटूचा सर्व्हर विचारत नाही. एपीटी बघतं ते एवढंच: तुमच्या यादीत कुठल्या रिपॉझिटरी आहेत, आणि मशीनवर बसवलेल्या पॅकेजची आवृत्ती तिथल्या आवृत्तीपेक्षा लहान आहे की मोठी. लहान असेल तर नवीन आणतं. डू-रिलीज-अपग्रेडला ‘डी’चा पर्याय देऊन चार महिने आधी गेलेलं मशीन आणि रांगेत थांबून गेलेलं मशीन, दोन्ही पुढे एकाच रिपॉझिटरीतून एकच पॅकेजेस घेतात.

सोर्सेसच्या फाइलमध्ये हाताने ‘जॅमी’ खोडून ‘नोबल’ लिहिणारेही बरेच आहेत. अपडेट त्यांनाही मिळतात. पण अपग्रेडर गुपचूप जी कामं करतो ती मग तुमच्या अंगावर येतात: डिस्कवर जागा आहे का बघणं, बाहेरच्या पीपीए बंद करणं, नाव बदललेली पॅकेजेस नीट अदलाबदल करणं. 24.04 मध्ये तर कितीतरी लायब्रऱ्यांच्या नावांना ‘टी64’ असं शेपूट लागलं, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. माझं मत विचाराल तर घाई असेल तेव्हा ‘डी’ वापरा, फाइल खोडू नका.

एवढं झालं तरी हा सगळा पूर्ण मशीन पुढे नेण्याचा मामला आहे. मला जास्त काळजी वाटते ती अर्धवट अपग्रेडची, म्हणजे मशीन 22.04 वरच ठेवून दोन-चार वस्तू तेवढ्या पुढच्या घ्यायच्या. डेबियनवाले याला फ्रँकन-डेबियन म्हणतात.

का काळजी, ते समजायला एलटीएसमध्ये नेमकं काय मिळतं ते बघू. एलटीएसमध्ये सॉफ्टवेअर नवं होत नाही, जुन्यालाच ठिगळ लावलं जातं. 1 जुलै 2024 ला ओपनएसएसएचमधलं ‘रेग्रेशन’ नावाचं भोक जाहीर झालं. 8.5 ते 9.7 या आवृत्त्यांना धोका होता, मूळ प्रकल्पाने दुरुस्ती 9.8 मध्ये दिली. उबंटू 22.04 मध्ये होती 8.9. उबंटूने दुरुस्ती तेवढी उचलून 8.9 मध्येच शिवली, आकडा 8.9 च राहिला, मागचं शेपूट मात्र ‘3उबंटू0.10’ झालं. (गंमत म्हणजे 20.04 मधल्या 8.2 ला हा धोकाच नव्हता. 2006 सालचा बुजवलेला दोष 8.5 मध्ये पुन्हा उघडा पडला होता.)

आता समजा, फक्त पुढचा आकडा बघणाऱ्या एखाद्या स्कॅनरने 8.9 ला लाल शेरा दिला आणि कुणीतरी तत्परतेने 9.8 हाताने कंपाइल करून बसवली. त्या दिवशी मशीन सुरक्षित झालं. पुढचं भोक सापडेल तेव्हा काय? 9.8 पॅकेज म्हणून बसवली असेल, तर एपीटीच्या हिशोबात ती 22.04 मधल्या 8.9 पेक्षा मोठी, त्यामुळे 8.9 ला लागलेली पुढची ठिगळं तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत. ‘मेक इन्स्टॉल’ करून यूएसआर-लोकलमध्ये टाकली असेल, तर ती आहे हेच एपीटीला माहीत नाही. ते इमानदारीत दुसऱ्याच, न चालणाऱ्या प्रतीला ठिगळं लावत बसेल. दोन्हीकडे स्क्रीनवर येणार, ‘सर्व पॅकेजेस अद्ययावत आहेत’. एररही नाही, इशाराही नाही.

पीपीएचं थोडं वेगळं. तिथून अपडेट येऊ शकतात, पण रात्री आपोआप चालणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स मूळ सेटिंगमध्ये फक्त उबंटूच्या स्वतःच्या साठ्यांकडे बघतं. शिवाय बऱ्याच पीपीए एकाच माणसाच्या जिवावर चालतात. त्या माणसाची पीएचडी संपली, नोकरी लागली, की पीपीएही थांबते.

तुमच्या मशीनची अवस्था बघायला ‘प्रो सिक्युरिटी-स्टेटस’ ही आज्ञा पुरते. उबंटूकडून आलेली पॅकेजेस किती, तिसऱ्याकडून आलेली किती, आणि आता कुठेच उपलब्ध नसलेली किती, हे ती सांगते. शेवटच्या दोन आकड्यांमधलं प्रत्येक पॅकेज ही तुमची जबाबदारी. नेटवर्कवर उघडं असणारं काही त्यात असेल तर आजच बघा.

मग नवं हवं असेल तर? नव्या हार्डवेअरसाठी एचडब्ल्यूई कर्नल हा अधिकृतच मार्ग आहे. नवा पायथन किंवा नव्या लायब्रऱ्या कोंडामध्ये किंवा अॅपटेनरच्या कंटेनरमध्ये ठेवा, खालची सिस्टिम जशी आहे तशी राहू द्या. सिस्टिमच्या पायथनवर उबंटूची स्वतःची कितीतरी साधनं चालतात, त्याच्या जागी दुसरा बसवू नका. जीलिबसीला तर हातच लावू नका, 22.04 मध्ये ती 2.35 आहे, 24.04 मध्ये 2.39, आणि जवळजवळ सगळं तिच्यावर उभं आहे. पूर्ण अपग्रेड केलंत तर पायथन 3.10 चा 3.12 होतो, म्हणून सिस्टिमच्या पायथनवर बनवलेली जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स नव्याने बनवावी लागतात. पॅकेजेसची यादी आधीच काढून ठेवा.

मायक्रोस्कोपच्या शेजारी अजून 20.04 चालू असेल, तर तिचा मोफत सपोर्ट मे 2025 मध्ये संपला. उबंटू प्रो वैयक्तिक वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट आहे आणि त्यात ठिगळं आणखी पाच वर्षं मिळतात. लॅबच्या मशीनसाठी परवाना आयटीकडे विचारा. थेट 24.04 वर उडी मात्र मारता येत नाही. मध्ये 22.04 चा मुक्काम घ्यावाच लागतो, आणि तिथे पोचल्यावर ते दोन आकडे पुन्हा बघून मगच पुढे निघा.