शेळीचा श्वास मोजा!

सुट्टीत मामाच्या गावी गेलात की करडांच्या मागे धावता ना? काहींच्या तर दारातच शेरडं बांधलेली असतील. मग सांगा पाहू, शेळी मिनिटाला किती वेळा श्वास घेते? नाही माहीत? चला तर, आज मोजायला शिकू या. या मोजणीने एखाद्या शेळीचा जीव वाचू शकतो, बरं का!

सकाळच्या गारव्यात शेळी निवांत बसली असताना तिच्या कुशीकडे पाहा. कूस एकदा फुगली आणि खाली बसली, की झाला एक श्वास. घड्याळ लावून मिनिटभर मोजा. मोठ्या निरोगी शेळीचे साधारण १५ ते ३० श्वास भरतात, करडांचे थोडे जास्त. धावून किंवा उन्हातून आलेली शेळी धापा टाकणारच. तिला आधी दम खाऊ द्या.

पण बसल्या जागीही श्वास भराभर चालतोय, नाकातून घट्ट, पिवळसर शेंबूड येतोय, शेळी खोकतेय, पाल्याला तोंड लावत नाही, रवंथही करत नाही, असं दिसलं तर ती साधी सर्दी समजू नका. तो न्यूमोनिया असू शकतो. तिला लगेच कळपातून वेगळी बांधा आणि मोठ्यांना सांगून जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

डॉक्टर आधी ताप पाहतात. गंमत म्हणजे, १०२ अंश फॅरनहाइटला आई तुम्हाला शाळेत पाठवत नाही, पण शेळीचं मात्र ते रोजचंच तापमान! १०४ च्या वर गेलं की तिला ताप. मग डॉक्टर छातीला नळी लावून फुप्फुसांचा आवाज ऐकतात आणि तोंड उघडून पाहतात.

तोंड कशाला? तर खोकला तोच असला, तरी कारणं वेगळी असतात. आजार जिवाणूंचा असेल, तर शेळीच्या वजनाप्रमाणे प्रतिजैविक देतात. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून ते मध्येच सोडायचं नाही. पण तोंडात फोड आणि जोडीला हगवण असेल, तर पीपीआरची शंका येते. आपल्या गोवराच्या विषाणूचा हा भाऊबंद. भारतात तो प्रथम १९८७ मध्ये तमिळनाडूत आढळला. त्याला मारणारं औषध नाही. मागून घुसणाऱ्या जिवाणूंना तेवढं प्रतिजैविक आवरतं. म्हणून त्याची लस आधीच टोचून घ्यायची.

आता एक मोठी चूक ऐका. खोकणाऱ्या शेळीची मान वर ओढून घशात काढा किंवा तेल ओततात. ते श्वासनलिकेत गेलं, तर नसलेला न्यूमोनियाही होतो! तेव्हा असं कुणी करत असेल, तर नम्रपणे थांबवा.

आणखी एक काम खास तुमच्यासाठी. गोठ्यात शेळीच्या नाकाच्या उंचीवर बसा. मुताच्या वासाने तुमचे डोळे चुरचुरले? मग तिच्या नाका-घशाचं काय होत असेल! जमीन कोरडी ठेवा, हवा खेळती राहू द्या. थंडीचा झोत मात्र थेट अंगावर नको.

शेळीला गरिबाची गाय म्हणतात. तिच्या दुधा-करडांवर कितीतरी घरांचा बाजारहाट चालतो, वह्या-पुस्तकं येतात. तिला ‘छातीत दुखतंय’ असं सांगता येत नाही. पण तुम्हाला मोजता येतं ना? मग उद्या सकाळीच घड्याळ घेऊन बसा!