हापूसची पेटी आणि हक्काचा पत्ता

जानेवारी २०१७ मध्ये गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई दिल्लीत आले, तेव्हा त्यांनी भारतातल्या छोट्या व्यावसायिकांसाठी एक घोषणा केली: मोबाइलवरून, फुकटात, चुटकीसरशी दुकानाची वेबसाइट. सोय सुरू झाली आणि सलून, शिवणक्लास, खानावळी, गॅरेजवाले अशा कितीतरी लोकांनी ती घेतली. पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असायचं. कुणी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला, कुणी पाटीवर रंगवून घेतला. मार्च २०२४ मध्ये गूगलने ही सगळी पानं बंद केली. १० जूनपर्यंत जुना पत्ता टाकला की निदान दुकानाची गूगलवरची नोंद उघडत होती. मग तेही थांबलं.

मागच्या भागात नकाशावर दुकानाची नोंद कशी करायची ते पाहिलं. ती हवीच. इन्स्टाग्रामचं पान हवं, व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉगही हवा. मात्र या सगळ्या भाड्याच्या जागा आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ ला रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदम बंद पडलं आणि सुमारे सहा तास बंद राहिलं. घटस्थापना तीन दिवसांवर आली होती. ज्यांच्या ऑर्डरी फक्त तिथेच येत होत्या, त्यांना गिऱ्हाइकांना निरोप द्यायलाही जागा उरली नाही.

स्वतःची वेबसाइट नेमकी कुठे उपयोगी पडते, हे पाहायला कोकणातल्या आंब्याच्या धंद्यासारखं उदाहरण नाही. पिढ्यान् पिढ्या देवगड-रत्नागिरीची पेटी वाशीच्या बाजारात जात आली आहे. तिथे भाव बाजार ठरवतो, आणि पेटी पुढच्या व्यापाऱ्याकडे गेली की बागायतदाराचं नाव मागे पडतं. खाणाऱ्याला आंबा कुणाच्या कलमावरचा ते कळत नाही, पिकवणाऱ्याला तो कुणी खाल्ला ते कळत नाही. या अंधारात कर्नाटकचा आंबा ‘देवगड हापूस’ छापलेल्या खोक्यातून खपतो. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. अधिकृत वापरकर्ता म्हणून बागायतदाराला नोंदणी करता येते. पण तो नोंदणी क्रमांक गिऱ्हाइकाला दिसणार कुठे? बागेचे फोटो, गावाचं नाव, तोडणीची तारीख आणि हा क्रमांक एकत्र दाखवायला बागायतदाराचं स्वतःचं पान लागतं.

हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. त्यात बागायतदार झाडाखाली किंवा पॅकिंगच्या खोलीत असतो आणि फोन वाजत राहतो. पेटी कितीला? पाच डझनाची की सहा डझनाची? पुण्याला कधी पोचेल? आंबा तयार की कच्चा? रोज तेच प्रश्न, रोज तीच उत्तरं. नीट केलेली वेबसाइट हे काम उचलते. फळाच्या वजनाप्रमाणे दर, पिनकोड टाकला की पोचवण्याचा दिवस, आणि पेटी घरी आल्यावर काय करायचं याची सूचना: कच्ची फळं बाहेर काढून पेंढ्यात एका थरात मांडा, फ्रिजमध्ये ठेवू नका, वास सुटला आणि फळ किंचित मऊ लागलं की कापा. इतकं लिहिलं तरी ‘आंबा आंबटच निघाला’ या तक्रारी कमी होतात, कारण त्यातले बरेच आंबे पिकायच्या आधीच कापलेले असतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे साका. फळ बाहेरून निर्दोष, कापलं की आतला गर पांढुरका आणि फोफसा. हापूसमध्ये हा दोष येतो, आणि बाहेरून बघून तो ओळखता येत नाही. ज्या पानावर हे आधीच मोकळेपणाने लिहिलेलं असतं, आणि साक्याचं फळ निघालं तर फोटो पाठवा, बदली फळ मिळेल असं वचन असतं, त्या पानावर माणूस दुसऱ्या वर्षीही येतो. जाहिरातीच्या चौकटीत एवढं सांगायला जागा नसते.

आणि दुसऱ्या वर्षी येणारा हा माणूस कुणाचा? बड्या ऑनलाइन बाजारात विकलं तर गिऱ्हाइकाची यादी बहुतेक त्या बाजाराकडेच राहते. स्वतःच्या वेबसाइटवरची ऑर्डर बागायतदाराच्या वहीत येते. परवानगी घेतलेली असली की फेब्रुवारीत ‘यंदा मोहोर असा आहे, पहिली तोडणी अमुक आठवड्यात’ एवढा निरोप त्याला थेट धाडता येतो. तोडणीआधीच बुकिंग हाती असणं ही छोट्या बागायतदारासाठी केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याने खत-फवारणीसाठी उसने पैसे काढले आहेत त्यालाच ठाऊक.

प्रत्येकाला वेबसाइट हवीच, असं मात्र नाही. चार गल्ल्यांतल्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या पोळी-भाजी केंद्राचं नकाशावरच्या नोंदीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तम भागतं. ज्याचं गिऱ्हाईक दूर आहे, ज्याच्या मालाबद्दल समजावून सांगावं लागतं, त्याने मात्र टाळाटाळ करू नये. आणि एकदा केली की ती जिवंत ठेवावी. एप्रिलमध्ये गेल्या वर्षीचे दर दिसले की गिऱ्हाईक फोनही करत नाही.

करताना दोन-तीन ठिकाणी हमखास चूक होते. दरपत्रक फोटो म्हणून टाकलं जातं. ते मजकूर म्हणूनच लिहावं, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतं आणि गावाकडच्या अशक्त नेटवर्कवरही पटकन उघडतं. स्वतःच्या वेबसाइटवरून विकणाऱ्याने आपलं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते. सगळ्यात महागात पडते ती डोमेनची चूक. वेबसाइट करून देणारा मुलगा सोयीसाठी ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतो. पुढे तो नोकरीला दुसऱ्या शहरात जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते, मुदत संपते आणि नाव हातचं जातं. त्यामुळे डोमेन मालकाच्याच नावावर आणि मालकाच्याच ईमेलवर घ्यावं. २०१४ पासून ‘डॉट भारत’ हा देवनागरी पत्ताही मिळतो. तो जोडीला घेता येईल.

पुढच्या भागात पैसे स्वीकारण्याची सोय: यूपीआय, पेमेंट गेटवेचं शुल्क आणि परताव्याचे नियम.